दोस्तसंघाचा बेल-भंडार

इंग्रज इथून गेलेच नाहीत. जायची वेळ आली तेव्हा त्यांनी फक्त पाटी बदलली. 'साम्राज्य' पुसलं, 'दोस्तसंघ' लिहिलं, आणि काल ज्यांच्याकडून सलाम घेतले त्यांनाच आज 'मित्रहो' म्हणायला लागले. ही माझ्या आजेसासऱ्यांच्या काळातली गोष्ट. तेव्हापासून दिल्लीत आपलं सरकार आहे, आपला झेंडा आहे, निवडणुका आहेत, सगळं आहे. फक्त लढाई कुठं आणि कुणाशी करायची ते लंडनमध्ये ठरतं. लढायला माणसं मात्र इकडची. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

हे मी ऐकीव सांगत नाही. दौंडच्या रेसिडेन्सीत मी दुभाषी होते. रेसिडेन्सी म्हणजे रेल्वेच्या जुन्या वसाहतीपलीकडचा एक कौलारू बंगला, आणि त्यात राहणारे दोस्तसंघाचे प्रतिनिधी ऑल्डरिजसाहेब. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके त्यांच्या देखरेखीखाली. देखरेख म्हणजे सकाळी व्हरांड्यात बसून चहा, दुपारी झोप, आणि संध्याकाळी जीपमधून फेरी. जीप ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. ढकलायला माळी, पोलीस आणि कधीकधी मीसुद्धा. आत साहेब टोपी घालून ताठ बसलेले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी रोज मागून ढकलत होते.

बंगल्याच्या दिवाणखान्यात सगळ्या दोस्त देशांचे झेंडे ओळीनं लावलेले होते. मी नोकरीला लागले तेव्हा भिंत भरलेली होती. मग एकेक देश संघातून बाहेर पडू लागला. देश फुटला की साहेब स्वतः स्टुलावर चढायचे, त्याचा झेंडा काढायचे, घडी करायचे आणि स्वयंपाकघरात नेऊन द्यायचे. स्वयंपाक मुमताजभाभींकडं होता. तळेगाव ढमढेऱ्याच्या त्या. नवरा वारल्यापासून दौंडला येऊन राहिल्या होत्या आणि जीभ कात्रीसारखी चालायची. मलायाच्या झेंड्यानं त्या शेगडी पुसायच्या. केनियाच्या झेंड्यानं गरम पातेली उचलायच्या. ब्रह्मदेशाचा मऊ होता, तो ताटांना.

"सुषमाताई," त्या एकदा मला म्हणाल्या, "आता एखादा जाड कापडाचा देश फुटू द्या बाई. फरशी पुसायला काय न्हाई माझ्याकडं."

अशा या दोस्तसंघानं गेल्या वर्षी लढाई काढली. कुठल्याशा समुद्रातल्या एका बेटावरून. ते बेट मला नकाशात दाखवताना साहेबांचं बोट दोनदा चुकलं. लंडनचा हुकूम आला की प्रत्येक तालुक्यातल्या गावांनी जवान पोरं द्यायची, आणि तीही राजीखुशीनं. राजीखुशी हा दोस्तसंघाचा फार लाडका शब्द होता. जबरदस्ती करायला फौज लागते, ती उरली नव्हती. राजीखुशीला एक भाषण आणि चहा पुरतो.

गावांच्या नावात केंदूर होतं. केंदूरच्या बाहेर आमची वाडी आहे. आजेसासऱ्यांपर्यंत आमच्यात मेंढरं राखायचे, आता कांदा आणि बाजरी करतात. आणि त्या वाडीत माझा रुद्र होता, एकुलता एक, नुकताच रांजणगावच्या एका कारखान्यात मशीनवर लागलेला. तो हुकूम मीच इंग्रजीतून मराठीत केला. 'धडधाकट, अविवाहित, वीस वर्षांच्या आसपास' असं लिहिताना मी माझ्याच पोराचं वर्णन करतेय हे मला कळत होतं. हात थांबला नाही याची आजही लाज वाटते, पण साहेबांच्या तोंडावर कागद फेकला असता तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला असता, एवढंच.

शनिवारी मी दौंडहून वाडीवर गेले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच सासऱ्यांना म्हणाले, "आण्णा, सरळ नाही म्हणा. काय करणार आहे तो? त्याच्याकडं दोन पोलीस आहेत. त्यातला एक गुडघे धरून बसलाय."

आण्णा ओट्यावर तंबाखू मळत होते. वाडीत त्यांचा शब्द चालतो. माझे यजमान हनुमंत पिकअपमधून भाजी वाहतात, ते बापापुढं बोलत नाहीत आणि माझ्यापुढंही नाहीत. त्यामुळं भांडण नेहमी आमच्या दोघांतच.

"दारात आलेल्याला तोंडावर न्हाई म्हनायची आपली रीत न्हाई," आण्णा म्हणाले. "न्हाई त्याच्याच तोंडून वदवायची."

"ती कशी?"

"त्याला बेल-भंडार उचलाय लावायचा."

बेल-भंडार म्हणजे खंडोबापुढची शपथ. घोंगडीवर ताट मांडायचं, ताटात हळदीचा भंडारा आणि बेलाची पानं. ती हातात उचलून दिलेला शब्द मोडायचा नसतो. आमच्या वाडीत त्याची एक खास रीत आहे, मेंढरं राखायच्या दिवसांपासूनची. पूर्वी शेतमालक रानाला खत मिळावं म्हणून मेंढरं बसवायला बोलवायचा. तेव्हा मागणाऱ्यानं आधी उचलायचा, की तुमच्या जितरापाला माझ्या रानात धक्का लागणार नाही. मग मेंढक्यानं उचलायचा, की ठरल्या रात्री भरल्याशिवाय हलणार नाही. काम झालं की मागणाऱ्यानं पुन्हा ताटात हात घालून 'शब्द पाळला' म्हणायचं. तसं म्हटलं की दोघं मोकळे. म्हटलं नाही तर शब्द अंगावर तसाच.

"साहेब पोरं मागतोय न्हवं?" आण्णा म्हणाले. "मग आधी त्यानं उचलायचा. चंपाषष्ठीच्या आत समदी पोरं धडधाकट घरी आनीन म्हनावं. लढाईवरनं! आगं, कुनाच्या बापाला देवाम्होरं आसं सांगता येतंय का? त्यो उचलनार न्हाई. त्यानं न्हाई उचलला की आपन मोकळं. भांडान न्हाई, तंटा न्हाई."

"तो उचलेल, आण्णा."

"न्हाई उचलायचा."

"त्याला शेणाची गोवरी उचलायला सांगा, ती पण उचलेल. त्याला काय देव, काय भंडारा?"

आण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी अमंगळ बोलले. "येडी हाईस. गोरा आसंना का, मानूसच हाय. आन् मानूस खोटा भंडार उचलत न्हाई."

वाडीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनीही माना डोलवल्या. साहेबाला कसा पेचात धरला म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या. मला त्या सगळ्यांची घोंगडीसकट कीव आली. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या जगाला तहांचे कागद दिले आणि फाडले, त्यांना ही माणसं चिमूटभर हळदीत पकडायला निघाली होती!

दसरा झाल्यावर एका रविवारी साहेब वाडीवर आले. जीप न्हावऱ्याच्या पुढं बंद पडली होती, ती आम्ही ढकलली. वाटेत मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. काही लपवलं नाही, काही बदललं नाही. म्हटलं, "साहेब, ही शपथ या लोकांसाठी शेवटची असते. यापुढं कोर्ट नाही. जे करता येणार नाही त्यावर भंडारा उचलू नका. सरळ सांगा की मला असं वचन देता येत नाही. ते तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील."

मी पोराची आई म्हणून बोलत होते, आणि साहेबांना ते ठाऊक होतं. रुद्रला त्यांनी पाहिलेलं होतं. एकदा त्यानं जीपही ढकलली होती.

साहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ती हळद. डाग पडतो का?"

देवळापुढच्या मोकळ्या जागेत काळी घोंगडी अंथरली होती. ताट मांडलं होतं. वाडी सगळी गोळा झालेली, आणि एका बाजूला ती पोरं, भांग पाडून, जणू बघायला पाहुणे आलेत. आण्णांनी पागोटं सारखं केलं आणि एकेक शब्द तोलून शपथ सांगितली. मी ती तशीच्या तशी इंग्रजीत सांगितली. चंपाषष्ठीच्या आत. सगळी. धडधाकट. घरी. मग आण्णा हात बांधून वाट बघत बसले. त्यांच्या मिशीत हसू दिसत होतं.

साहेब पुढं झाले, बाहीचं बटण सोडलं, ताटात हात घातला, मूठभर भंडारा आणि बेलाची दोन पानं उचलली, आणि मी सांगितलेलं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. आवाज चढला नाही, पडला नाही. हाताला कंप नाही. एखाद्या दुकानाची फीत कापावी तसा त्यांनी देव कापला. मग मूठ उघडून भंडारा ताटात सोडला, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि बोटं एकेक करून पुसली. रुमाल मात्र पिवळा झाला. तो त्यांनी घडी करून माझ्याकडं दिला, धुवायला.

मी आण्णांकडं पाहिलं नाही. मला सगळ्यांच्या थोबाडावर ओरडून सांगावंसं वाटत होतं की सांगितलं होतं, सांगितलं होतं मी! पण बरोबर ठरण्यात माझं पोर जात होतं.

शेवटी आण्णा उठले. म्हाताऱ्याचा हात लटलट कापत होता. भंडारा बोटांतून गळत होता. "साहेबाच्या हाकंला ही वाडी वो दील," ते म्हणाले. "आन् साहेबाला आम्ही कवाच उघडं पडू द्यायचो न्हाई. मल्हारी साक्ष."

घरी आल्यावर मी सासऱ्यांची मर्यादा ठेवली नाही. "त्यानं खोटा उचलला हे आख्ख्या वाडीनं पाहिलं. मग तुम्ही कशाला उचलला?"

"त्याचं त्याच्यापाशी," आण्णा भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "आपला शब्द गेला."

"शब्द तुमचा गेला. पोरगा माझा जाणार आहे."

भांडगावला हायवेवर माझ्या भावाचं हॉटेल आहे. रुद्रला म्हटलं, जा तिकडं, चार महिने भांडी विसळ, कुणी शोधायला यायचं नाही. पोरानं फोनमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "आबांचा शब्द मोडून तोंड कुठं दाखवू, आई? आन् बाकीची पोरं चाललीतच की." आजा तसा नातू. या घरात अक्कल सुनेच्या रूपानं बाहेरूनच आली होती, आणि तिला विचारतंय कोण?

पोरं दौंडला गोळा झाली. आमची, दौंडकडची, नदीपलीकडची. जंक्शनच्या एका बाजूच्या रुळावर दोस्तसंघाची स्पेशल गाडी उभी होती. गाडी म्हणजे नुसते डबे. इंजिन मुंबईहून यायचं होतं. मुंबईचं म्हणणं, आधी बोट येऊ दे, मग इंजिन सोडू. बोट सिलोनची होती. सिलोनचं म्हणणं, लंडनहून पक्कं कळू दे. आणि लंडन रोज एकच निरोप पाठवायचं, धीर धरा. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा!

पोरं डब्यात झोपायची, रुळाशेजारी क्रिकेट खेळायची. साम्राज्यानं त्यांना एकेक पट्टा दिला होता. बंदुका बोटीवर मिळणार होत्या. जेवण कुठं मिळणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. पहिल्या दिवशी पोरं बिस्किटांवर राहिली. दुसऱ्या दिवशी मुमताजभाभींनी रेसिडेन्सीचं मोठं पातेलं बाहेर काढलं आणि मसूर-भात शिजवून रुळावर नेला. मग वाडीवरून भाकरी येऊ लागल्या. हनुमंत पिकअपमधून पाट्या आणायचे. तळेगावच्या बाजारातली माणसं त्यात कांदे, मिरच्या टाकायची. समुद्रापार जाऊन जग जिंकायला निघालेली फौज केंदूरच्या बायकांच्या भाकरीवर दौंडच्या पुढं सरकत नव्हती.

मी रोज जायचे. रुद्रला भाकरी द्यायचे, आणि मनातल्या मनात इंजिनाला शिव्या द्यायचे, की येऊ नको, मर तिकडंच. जंक्शनवर दिवसभर कुठलं ना कुठलं इंजिन शिट्टी मारतं. प्रत्येक शिट्टीला मी हातातलं टाकून रुळाकडं बघायचे. असं किती दिवस चाललं ते मोजायच्या मी भानगडीत पडले नाही.

आणि एका सकाळी इंजिन आलं.

ते हळूहळू मागं मागं येत त्या डब्यांना लागलं. जोडणी झाल्याचा खाडकन आवाज झाला आणि रुळाशेजारी उभ्या असलेल्या बायकांनी एकदम गळा काढला. रुद्र दारात उभा होता. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. मी त्याला ओढत होते की सोडत होते, मलाच समजत नव्हतं. त्याच वेळी इंजिनातून एक माणूस खाली उतरला, हातातला कागद हलवत ओरडला, "उतरा, उतरा सगळे! डबे मागं मागवलेत."

सिलोननं आदल्या दिवशी दोस्तसंघ सोडला होता. बोट परत वळली होती. इंजिन पोरांना न्यायला आलं नव्हतं, डबे न्यायला आलं होतं.

पोरं हनुमंतांच्या पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून, वळकट्यांवर चढून, ओरडत घरी आली. चंपाषष्ठीला अजून बरेच दिवस होते. रुद्रनं ओट्यावर पाय धुतले आणि आजाच्या पाया पडला. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "चंपाषष्ठीच्या आत. समदी. धडधाकट. मल्हारीनं त्याचा खोटा शब्द खरा करून घेतला."

मी म्हटलं, "मल्हारीनं नाही, सिलोननं." पण म्हणताना मी स्वतःच हसत होते, त्यामुळं टोमणा नीट बसला नाही.

त्याच आठवड्यात लंडननं जाहीर केलं की दोस्तसंघाची सर्व उद्दिष्टं सफल झाली असून तो विसर्जित करण्यात येत आहे. साहेबांनी उरलेले झेंडे उतरवले. मुमताजभाभींना अखेर फरशीचं जाड कापड मिळालं. ते कुठल्या देशाचं होतं ते मी सांगत नाही, शहाण्यांनी ओळखावं. बंगल्याच्या मालकानं तिथं मंगल कार्यालय काढायचं ठरवलं आणि मुमताजभाभींना आचारी म्हणून ठेवून घेतलं. दुभाषीचं मंगल कार्यालयात काय काम? मी वाडीवर परत आले.

साहेबांना मात्र कुणी परत बोलावलंच नाही. विसर्जनाच्या घाईत लंडनला त्यांची आठवण राहिली नाही. एका दुपारी ते तळेगावाहून येणाऱ्या भाड्याच्या जीपमधून, बाजाराच्या पिशव्यांमधून वाट काढत, वाडीपुढं उतरले. हातात एक सुटकेस. डोक्यावर टोपी.

माझा पगार थांबला तसं माझं अहो-जाहोही थांबलं. "याला इथं कशाला घेता?" मी आण्णांना विचारलं.

"उघडं पडू देनार न्हाई म्हनलं हाय मी."

"तो शब्द साम्राज्याला होता. साम्राज्य संपलं."

"साम्राज्य कुठं आलं हुतं भंडार उचलाय? ह्यो आला हुता." आणि आण्णांनी त्याला मेंढरांच्या जुन्या गोठ्याशेजारची खोली दिली.

जगातला दोस्तसंघ बुडाला आणि केंदूरच्या वाडीत जिवंत राहिला, त्याची ही गंमत. पुढारी एक, गोठ्याशेजारी. दोस्त आम्ही. आणि दोन वेळा ताट वाढायला मी. तो सकाळी ओट्यावर बसून चहाची वाट बघायचा. मी मुद्दाम उशीर करायचे. कांदे निवडायला बसवलं तर चांगले फेकायचा आणि सडके ठेवायचा. रुद्रला तो मधूनमधून त्या बेटाच्या गोष्टी सांगायचा, आणि पोरगं ऐकत बसायचं. ते मला अजिबात आवडत नव्हतं.

चंपाषष्ठीला देवळापुढं पुन्हा घोंगडी अंथरली. मुमताजभाभी तळेगावाला आलेल्या होत्या, त्याही पोरं परत आल्याचं बघायला म्हणून आल्या. वांग्याचं भरीत, कांद्याची पात, बाजरीचे रोडगे, सगळा नैवेद्य झाला. मग आण्णांनी साहेबाला पुढं बोलावलं.

"साहेब, मुदत भरली. पोरं घरी हाईत. आता हात घाला आन् 'शब्द पाळला' म्हना. म्हंजी तुम्ही मोकळं, आम्ही मोकळं. पुण्यापातूर सोडायची सोय हनुमंत करील, फुडं तुमच्या मुलखाला जावा."

मी त्याला इंग्रजीत सांगितलं. माझ्या मनात आलं, सुटलो एकदाचे. दोन शब्द म्हणायचेत, आणि याला तर खोटं म्हणायची सवय. त्यात हे जवळजवळ खरंच होतं. पोरं घरी आलीच होती की.

त्यानं ताटात हात घातला. मूठ भरली. वर उचलली. आणि हात थरथरायला लागला. भंडारा त्याच्या सदऱ्यावर, पायांवर सांडत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पोरांकडं, आणि मग हात तसाच खाली ठेवला.

"मी पाळला नाही," तो म्हणाला. "उचलला तेव्हाच तो खोटा आहे हे मला माहीत होतं. सांग त्यांना."

मी सांगितलं. सांगताना माझ्या अंगाची आग होत होती. हा हात देवाच्या भीतीनं कापला, की पुण्याला सोडल्यावर भाकरी कोण घालणार या भीतीनं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि अजूनही आलेलं नाही. त्याला तरी ठाऊक असेल का, कोण जाणे.

आण्णांचा चेहरा मात्र उजळला. "म्हनलं न्हवतं? म्हनलं न्हवतं, मानूस खोटा भंडार उचलत न्हाई?" मग त्यांना पुढचं सुचलं आणि ते गंभीर झाले. "पर मंग शब्द उतरला न्हाई. म्हंजी वाडी आजून बांधलेली हाय. साहेब हितंच ऱ्हानार. आन् उद्या त्यानं पुन्हा हाक मारली तर..."

"जाईन की, आबा," रुद्र म्हणाला. सहज. जसं दुकानातून साखर आणायला सांगावं.

कोण हाक मारणार होतं? साम्राज्य उरलं नव्हतं. पण सकाळीच बातम्यांत सांगत होते की लंडनमध्ये नव्या मैत्रीच्या बोलण्यांना सुरुवात झालीय. साहेब ती बातमी ऐकताना ताठ बसला होता, हे मी पाहिलं होतं. गोठ्याशेजारून हाक यायला साम्राज्य लागतच नाही. एक साहेब आणि एक न उतरलेला शब्द पुरतो.

मी उठले आणि घोंगडीवर गेले.

"सुषमा," आण्णा म्हणाले, "सुनंनं उचलायची रीत न्हाई."

"रीत मागणाऱ्यानं आधी उचलायची आहे. मी मागतेय. म्हणून आधी मी उचलते."

वाडी कुजबुजायला लागली. मुमताजभाभी मोठ्यानं म्हणाल्या, "मागू द्या की तिला!" मी ताटात हात घातला. आयुष्यभर मी या पिवळ्या भुकटीला हसले होते. मूठ भरली आणि हातानं माझं ऐकलं नाही. तो कापत होता, आण्णांचा कापला होता तसाच. मला स्वतःचा संताप आला, पण आवाज फुटला.

"हा माणूस जगेल तोवर याला भाकरी मी घालीन. उपाशी ठेवणार नाही, उघडा पडू देणार नाही. तुमच्या शब्दातला हा वाटा माझ्या अंगावर. त्याच्या बदल्यात माझा रुद्र कुणाच्याही हाकेला, कुणाच्याही लढाईला जाणार नाही. मल्हारी साक्ष." मग मी ताट सासऱ्यांपुढं सरकवलं. "आता तुम्ही, आण्णा."

ज्या माणसाचा मला सगळ्यात जास्त तिटकारा, त्याला मरेपर्यंत पोसायचं मी कबूल केलं होतं. तेही खरं बोलून. ते आण्णांना कळलं असावं. त्यांनी हात घातला, बेलाचं पान उचललं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "न्हाई जानार. मल्हारी साक्ष."

रुद्र काहीतरी बोलायला गेला. हनुमंतांनी, आयुष्यात पहिल्यांदा, "गप बस" म्हटलं.

मी घरी आले आणि चूल पेटवली. नैवेद्याचे रोडगे संपले होते. साहेब जेवायचा राहिला होता. हात धुवावा असं मनात आलं, पण धुवावासा वाटला नाही. तसाच पिठात घातला. पहिली भाकरी पिवळी निघाली, मधे माझी पाची बोटं उमटलेली. ती मी त्याच्या ताटात टाकली. त्यानं ती बराच वेळ बघितली आणि खाल्ली.

डाग पडतो का, असं या वेळी त्यानं विचारलं नाही.